धार, नेम आणि वरदान

"फाशाचे पाच, धारेचे तीन, नेमाचे दोन, वरदानाचे चार. चौदा होतात का नाई होत, एवढंच सांग मले!"

"होतात नं आई. पण जुडत नाहीत."

"होतात पण जुडत नाहीत! हे कोण्या शाळेत शिकून आलास बाप्पा तू?"

दुर्गेश्वरी गुडघ्यांवर उभी राहिली होती. चटईच्या मधोमध तिनं टाकलेला फासा पडला होता आणि पलीकडे मांडी घालून बसलेला तिचा मुलगा हेमेंद्र, सगळा घात फाशानंच केला असावा तसा त्याच्याकडे बघत होता.

देवरीच्या या घरात गेल्या दिवाळीपासून रविवारची सकाळ अशीच जाते. हेमेंद्रनं हा खेळ नागपुरात शिकताना मित्रांकडून उचलला. आता कंपनीचं काम तो घरूनच करतो, तेव्हा खेळही घरी आला. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात, आणि कुणाचा वार किती लागला ते फासा ठरवतो. फाशाच्या आकड्यात त्या माणसाच्या अंगचे बोनस मिळवायचे, की झाला मार. गोष्ट सांगणारा आणि नियम सांभाळणारा हेमेंद्र. दुर्गेश्वरीचे दीर लीलाधर तलवारबाज, त्यांची कॉलेजात जाणारी नीतू तिरंदाज, आणि दुर्गेश्वरी म्हणजे रुक्मा.

रुक्मा जंगलात एकटीनं मोहफुलं वेचते आणि अस्वल आडवं आलं तर विळा घेऊन उभी राहते. तिला दुर्गेश्वरीनंच जन्माला घातलं, सालेकशाकडच्या आपल्या माहेरचं रान आठवून. या घरात कपाटापासून कुकरपर्यंत कशालाच 'माझं' म्हणायची तिला सवय नव्हती. रुक्मा मात्र तिची होती. भाजी चिरताना ती मनातल्या मनात रुक्माला पुढच्या वाटेनं नेऊन आणायची.

आज त्या रुक्माचा जीव टांगणीला लागला होता. तलावाच्या पाळीखालच्या मायावी मगरीत बाराच जीव उरला होता, रुक्मात चार. या वारानं मगर मेली तर ठीक, नाहीतर पुढचा वार मगरीचा.

"नियम सोपा आहे," हेमेंद्र म्हणाला. "एकाच प्रकारचे बोनस एकमेकांत मिळवायचे नाहीत. त्यातला सगळ्यात मोठा तेवढा धरायचा. वेगवेगळ्या प्रकारचे असले तर सगळे मिळवायचे. दोन छत्र्या धरल्या म्हणून माणूस दुप्पट कोरडा राहतो का? पण छत्री अन् गमबूट असले तर दोन्हीचा फायदा. असं केलं नाही तर लोक आशीर्वादावर आशीर्वाद रचतील अन् एका फटक्यात राक्षस लोळवतील. मग खेळात राहिलं काय?"

"हे पटलं मले," दुर्गेश्वरी म्हणाली, आणि खरंच तिला पटलं होतं. "मग मागच्या वेळी भाऊजीचे तिन्ही कायले मिळवले?"

"काकाचे वेगळे आहेत नं. तलवार शस्त्रात, राग स्वभावात, सराव कसबात. तीन प्रकार. तुझे तिन्ही आशीर्वादात आहेत. म्हणून चारच. पाच अन् चार नऊ."

"विळ्याची धार आशीर्वादात?"

"पानावर तसंच आहे आई."

पान तिच्या पुढ्यातच होतं आणि ते तिला पाठ होतं. रुक्माचं नाव, खाली तिचा जीव, त्याखाली मोठ्या अक्षरात 'आशीर्वाद', आणि त्याच्या पोटात ओळीनं धार, नेम, वरदान. ज्या दिवशी ती पानं तयार झाली तो दिवसही तिला आठवत होता. लीलाधर हेमेंद्रशेजारी लोडाला टेकून बसले होते. एकेक गोष्ट खुलवून सांगत होते आणि हेमेंद्र विचारून विचारून लिहीत होता. दुर्गेश्वरी आत चिवडा परतत होती. तिनं तिथूनच ओरडून सांगितलं, की रुक्मा रोज दगडावर विळा घासते. लहानपणापासून गोफण मारून मारून तिचा नेम बसलाय. आणि वनदेवीनं तिला वरदान दिलंय. हेमेंद्रनं सगळं एकाच नावाखाली घातलं. आईचं माणूस, दुसरं काय असणार! तेव्हा ते पान बघून तिलाही बरं वाटलं होतं. पूजेच्या पत्रिकेसारखं दिसत होतं.

"रोज दगडावर घासून येते ती धार," ती म्हणाली. "हात सोलून निघते. त्यात कोणाचा आशीर्वाद आला?"

"वहिनी, तुमच्या हातालेच गुण हाये म्हणतात नं सारे," लीलाधर हसत म्हणाले. "मग धारही त्यातच आली."

ते गमतीनं बोलले, पण बोलू नये तेच बोलले.

हे हाताच्या गुणाचं दुर्गेश्वरी चोवीस वर्षं ऐकत आली होती. लग्नाआधी ती गोंदियाला एका मास्तरकडे शिवण शिकायला जायची. गाडीनं जायचं, उभ्यानं यायचं. मास्तर बाही उसवून तोंडावर फेकायचा, ती पुन्हा जोडायची. आज अर्धी देवरी तिच्याकडून ब्लाऊज शिवून घेते, आणि बायका आरशापुढे वळून बघत म्हणतात, "देवानं काय हात देल्ला तुमाले!" लीलाधर पंपाच्या मोटारी बांधतात. त्यांच्याविषयी तेच लोक म्हणतात, भाऊचं डोकं चालते, अनुभव दांडगा, अन् मेहनत तर विचारूच नका. त्यांचं डोकं वेगळं, अनुभव वेगळा, मेहनत वेगळी. हिचा नुसता देवाचा हात.

दिवाणावर लाखोरीची डाळ निवडत बसलेल्या जमुनाबाईंनी, तिच्या सासूनं, सूप खाली ठेवलं. "काऊन रागावून राहिली वो सुनबाई? आशीर्वाद म्हणजे तं सगळ्यात मोठा मान."

"मानच हाये, माय. पण तो जुडत नाई नं. कितीही टाका त्यात, एकच धरतात."

जमुनाबाई सूप मांडीवर ओढून पुन्हा डाळ निवडू लागल्या.

"मोठी आई बरोबर म्हणते," नीतू हळूच म्हणाली. "धार शस्त्रात पाहिजे होती. नेम कसबात."

"पाहिजे होती, मान्य," हेमेंद्र म्हणाला. "पण लढाई चालू असताना पान बदलत नाही. मग उद्या काकाही म्हणतील, माझं पण बदल." मग त्यानं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "बरं जाऊ दे. तू आहेस म्हणून देतो मिळवून. चौदा धर. मेली मगर. खूश?"

आत कुकरनं शिट्टी दिली. दुर्गेश्वरी उठली नाही.

"तू आहेस म्हणून?" ती म्हणाली. "म्हणजे हा चौथा आशीर्वाद का रे? तुह्यावाला?"

"आई, आता देतो तरी—"

"देऊ नको. धार माझी होती तं नियमानं चौदा होतात. अन् नाई होती तं नऊ. उपकाराचे चौदा मले नको. लिही, नऊ."

"मग मगर तीनवर जिवंत राहते. अन् रुक्माचे चारच उरलेत. ती मरेल, आई."

"माहीत हाये मले."

"वहिनी, घेऊन टाका नं," लीलाधर म्हणाले. आता ते हसत नव्हते. "खेळच तं हाये."

"तुमचे तिन्ही जुडतात, भाऊजी. तुमच्यासाठी खेळच हाये."

हेमेंद्रनं फासा उचलला, पण टाकेना. तिनं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि मगरीचा वार स्वतःच टाकला. सहा पडले. नीतूनं तोंडावर हात धरला. रुक्मा पाळीवरून पाण्यात गेली. विळाही तिच्यासोबत गेला. हेमेंद्रनं मान खाली घालून कशीबशी गोष्टीतली दोन वाक्यं सांगितली.

दुर्गेश्वरीनं रुक्माचं पान दोन हातांनी सरळ केलं, घडी घातली आणि ब्लाऊजात ठेवलं. डोळे भरून येतील असं वाटलं होतं, पण आले नाहीत. राग होता तेवढाच होता, कोरडा आणि ताठ.

तेवढ्यात तिचा नवरा भोजराज हायवेवरचं हार्डवेअरचं दुकान बंद करून आला. चपला काढता काढता म्हणाला, "अवो, भात झाला का? भूक लागून राहिली. अन् हे सारे असे काऊन बसले? कोणी मेलं का?"

"रुक्मा मेली," जमुनाबाई म्हणाल्या.

"कोण रुक्मा?"

कुकरची दुसरी शिट्टी झाली. दुर्गेश्वरी उठली, पदर खोचला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळ्यांकडे तोंड करून म्हणाली,

"आजचा भात झाला, वाढतो. पुढच्या रविवारी मी नवीन माणूस घेणार हाये, अन् त्याचं पान मी इथं चटईवर बसून लिहीन. त्या दिवशी दुपारचं मी रांधणार नाई."