केळीचा टेम्पो आणि आमचं पिट लेन मंडळ

प्रकाशभाऊंच्या टायरच्या दुकानामागे जुन्या टायरांचा ढीग आहे. कुणी विकत नाही, कुणी टाकून देत नाही, तो आपला वाढतच जातो. आमच्या किश्शांचं तसंच झालंय. दर रविवारी दुपारी दुकानात जमायचं, भिंतीवरच्या टीव्हीवर स्पोर्ट्स कारच्या शर्यती बघायच्या आणि भांडायचं. इतकी वर्षं हे चाललंय, मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार!

मंडळ चौघांचं. प्रकाशभाऊ म्हणजे जागेचे मालक, व्हील अलाइनमेंटमध्ये अख्ख्या जळगावात त्यांचा हात कुणी धरत नाही. देसले सर धुळ्याचे, कॉलेजात फिजिक्स शिकवतात, स्वभावाने तापट. तिसरे वसंतनाना, चोपड्याकडचे केळीचे बागायतदार, बोलणं अहिराणी, 'आहे'ला 'शे' म्हणणारे, आवाज असा की अलाइनमेंटचं मशीन बंद पडावं. चौथा मी, पाइपच्या कंपनीत डिस्पॅचला. माझं काम सर आणि नाना यांच्या मध्ये बसणं.

कारण सर म्हणतात, "शर्यत म्हणजे घुसणं!" आणि नाना म्हणतात, "शर्यत म्हंजे गाडी चालाडनं!" आमचं सगळं भांडण एवढंच. पण त्याला अंत नाही.

*

एकदा एक गिऱ्हाईक जीपचं टायर बदलायला आलं. टीव्हीवर फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत चालू. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पहिला कोण आहे हो यात?"

आता स्पोर्ट्स कारच्या शर्यतीत एकाच ट्रॅकवर दोन-तीन वर्गांच्या गाड्या एकदम पळतात. भारी गाड्यांचा पहिला वेगळा, साध्या गाड्यांचा पहिला वेगळा. प्रकाशभाऊंनी हे सगळं हातातला पाना फिरवत समजावून सांगितलं.

तो म्हणाला, "म्हणजे माझी जीपसुद्धा तिथे पहिली येऊ शकते?"

प्रकाशभाऊ म्हणाले, "येईल की! फक्त तिच्यासाठी वर्ग काढावा लागेल."

गिऱ्हाईक खूश होऊन चारही टायर नवीन टाकून गेलं.

*

त्या दुसऱ्या शर्यती असतात ना, एका सीटच्या, उघड्या चाकांच्या, ज्यांचं जगभर कौतुक चालतं, त्या नानांना बिलकुल चालत नाहीत. मला विचाराल तर मलाही चालत नाहीत. एक माणूस, एक गाडी, दोन तासांत खेळ खलास. आमच्या शर्यतीत एका गाडीला तीन ड्रायव्हर. एकाने मेहनतीने आणलेली गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि नखं खात बसायचं. खरी परीक्षा तिथे असते.

एकदा सरांचा एक विद्यार्थी नानांना म्हणाला, "काका, तीन-तीन ड्रायव्हर कशाला लागतात?"

नाना म्हणाले, "तुमना घर किती भाऊ शेत?"

"तीन."

"ट्रॅक्टर किती?"

"एक."

"मंग! एकनी क्लच जाळी का तिन्ही जन पायी! हाई घरनी शर्यत शे, भो!"

तो विद्यार्थी तेव्हापासून आमच्याच बाजूला बसतो.

*

सरांच्या ड्रायव्हिंगचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सर धुळ्याहून आपल्या छोट्या गाडीने येतात, पण डोक्यात रेसिंग लाइन. वळण आलं की बाहेरून यायचं, आतला कोपरा, म्हणजे एपेक्स, चाटायचा, परत बाहेर निघायचं. एका रविवारी त्यांनी शहरातल्या मोठ्या चौकात हीच लाइन घेतली. एका रिक्षावाल्याने शिवी दिली, एका म्हशीने मान वळवून पाहिलं आणि हवालदाराने शिट्टी मारली.

"काय चाललं होतं हे, मास्तर?"

सर काच खाली करून शांतपणे म्हणाले, "एपेक्स घेत होतो."

हवालदाराने खिशातून पेन काढलं. "बरं. मग पावतीवर तेच लिहू का?"

नाना पारोळ्याला पाहुण्यांकडे गेले होते, तिथून सरांच्या बाजूच्या सीटवर बसले होते. मांडीवर भरताच्या वांग्यांची पिशवी. दुकानात आल्यावर त्यांनी पिशवी उलटी करून एकेक वांगं आम्हाला दाखवलं. "देखा, बठ्ठा वांगा चेंदाई गयात! हाऊ मानूस टायर काय जपी!"

सर म्हणाले, "पण वेळ बघा ना नाना! पारोळ्यापासून कसा आलो!"

त्या दिवशीचं भरीत मात्र झकास झालं. वांगी अर्धी आधीच ठेचलेली होती.

*

भरताचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. एकदा टीव्हीवर नवीन विजेवरच्या गाड्यांची शर्यत लागली. दिसायला देखण्या, वेगही चांगला, पण आवाज नाही. नुसती सूंऽऽ करून जाते. नानांनी रिमोट मागितला, आवाज वाढवला, आणखी वाढवला. पुढे पूर्ण वाढवला. शेवटी समालोचक दुकानभर बोंबलायला लागला, पण गाड्या गप्पच.

"हाई गाडी शे का मीठ नही टाकेल भरीत?"

यावर सरांनीही मान डोलावली. मंडळात एकमत झालेला हा एकमेव ठराव!

*

आता एक किस्सा आमच्याच फजितीचा. पण सांगताना मला अजून अभिमान वाटतो, काय करणार!

लग्नसराई होती. दुकानासमोर नवरदेवाची सजवलेली गाडी येऊन थांबली. टायर बसलेलं. मुहूर्त जवळ आलेला, नवरदेव घामाघूम, वरबापाचा चेहरा पडलेला. प्रकाशभाऊंचा कामगार जेवायला गेला होता. प्रकाशभाऊंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं टीव्हीवर पिट स्टॉप, म्हणजे शर्यतीत मध्येच थांबून झटपट चाकं बदलणं, बघत होतो, तो काय फुकट?

सरांनी जॅक लावला. मी नट सोडले. प्रकाशभाऊंनी चाक ओढलं, नानांनी नवं चाक दिलं. कोण काय करणार हे कुणाला सांगावंच लागलं नाही. जॅक खाली! नानांनी हात वर करून ड्रायव्हरला "जाय!" अशी खूण केली. वऱ्हाडी टाळ्या वाजवायला लागले. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

गाडी चार हात गेली आणि थांबली. वरबाप खाली उतरले, हात जोडून म्हणाले, "फार जोरात काम केलंत. पण पंक्चर डाव्या बाजूचं होतं."

सर म्हणाले, "असू द्या. आता दुसरा स्टॉप घेऊ. त्यात आणखी सुधारणा करू!"

*

आता माधुरीबद्दल. माधुरी ही नानांची मुलगी. इंजिनीअर झाली, पुण्यात नोकरीला लागली आणि तिथे हौशी रेसिंगच्या नादाला लागली. नाद कुठून आला हे सांगायला ज्योतिषी नको.

तिला गाडी नानांनीच शिकवली, तीही केळीच्या टेम्पोवर. कापलेली केळी टेम्पोत पानांवर रचायची आणि बागेतून लोडिंगच्या जागेपर्यंत न्यायची. ज्यांनी केळी पिकवली त्यांना माहीत आहे. गाडीला एक हिसका बसला, एक ब्रेक कचकन लागला, की साल घासतं. त्या वेळी काही दिसत नाही. नंतर तिथे काळा डाग उठतो आणि व्यापाऱ्याचा माणूस ती फणी बाजूला काढतो. म्हणून ब्रेक असा लावायचा की केळीला कळता कामा नये. नाना सांगायचे, "गाडी थांबनी हाई केळीले समजाले नको!"

माधुरी पोचली की खाली उतरून म्हणायची, "नाना, माल देखी ल्या." नाना सगळ्या फण्या उलटून-पालटून बघायचे आणि एक तरी डाग शोधून काढायचेच. "एक शे," एवढंच म्हणायचे. मजूर सांगायचे, हा डाग झाडावरचाच आहे, पोरीचा काय दोष? नाना ऐकायचे नाहीत. सुट्ट्यांमागून सुट्ट्या गेल्या. "माल चोख" हे दोन शब्द त्या पोरीने बापाच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. एकदा ती दुकानात चिडून आम्हाला म्हणाली होती, "काका, ट्रॉफी-बिफी नको मला. नानांनी एकदा 'चोख' म्हणावं, बस!"

नाना तेव्हा टीव्ही बघत होते. म्हणजे तसं दाखवत तरी होते.

*

आणि मग माधुरीचा फोन आला. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर दोन ड्रायव्हरांची लांब पल्ल्याची शर्यत होती. एका संघाने तिला दुसरी ड्रायव्हर म्हणून घेतलं, पण एकाच शर्यतीपुरतं. ही नीट झाली तर पुढचा सगळा सीझन सीट तिची. नाही तर रामराम.

गाडी म्हणजे साधी चार दारांची, आतून रिकामी करून लोखंडी पिंजरा बसवलेली. तिला स्पोर्ट्स कार म्हणायला मन जरा मोठं करावं लागतं. नानांनी केलं. "छत शे, दार शे, लाइट शे, दोन ड्रायव्हर शेत. आखो काय पाह्यजे?"

आम्ही चौघेही गेलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, भरीत, सगळं बरोबर. संघाच्या मेकॅनिकांनी डबे चाटूनपुसून साफ केले. माधुरीला मात्र घासभरही जाईना. सरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "घुसू देऊ नकोस कुणाला!" नाना सकाळपासून गाडीभोवती फेऱ्या घालत होते. अक्कांचा, म्हणजे माधुरीच्या आईचा, फोनवर फोन. "पहिले सांगा, पोर बरी शे ना?"

पहिल्या ड्रायव्हरने गाडी आपल्या वर्गात चौथी आणली आणि माधुरी बसली. ऊन मी म्हणत होतं. आमच्या जळगावच्या उन्हात वाढलेल्या माणसालाही ते जाणवत होतं. ट्रॅक तापलेला, बाकीचे सगळे वळणावळणावर टायर किंचाळवत होते. माधुरीची गाडी आली की काही ऐकूच यायचं नाही. सर चुळबुळ करायला लागले. "हळू चालवतेय का हो ती?"

हळू नव्हती. एकेक गाडी टायर बदलायला आत यायला लागली. माधुरी आली नाही. संघाच्या मॅनेजरने रेडिओवर विचारलं, टायर संपले का? ती म्हणाली, अजून आहेत. थोड्या वेळाने परत विचारलं. अजून आहेत! प्रकाशभाऊ माझ्या कानात म्हणाले, "पंचवीस वर्षं टायर विकतोय. अशी गिऱ्हाइकं असती तर दुकान बुडालं असतं." त्यांचे डोळे मात्र भरले होते.

अशी ती आमच्या वर्गात पहिली झाली. पण मागून एक लाल गाडी नव्या टायरांवर येत होती. प्रत्येक फेरीला जवळ. शेवटच्या फेरीला तर अगदी चिकटली. शेवटच्या मोठ्या वळणाला लाल गाडी आतून घुसली. तिचं चाक माधुरीच्या दाराला घासल्याचा आवाज आम्ही उभे होतो तिथपर्यंत आला. सरांनी डोळे मिटले. सर, ज्यांनी आयुष्यभर घुसण्याचे पोवाडे गायले, त्यांनी!

माधुरीने हिसका दिला नाही, स्टिअरिंग झटकलं नाही. जागा दिली. लाल गाडी ज्या वेगाने आत घुसली त्याच वेगाने बाहेर घसरत गेली, आणि माधुरी तिच्या आतून अलगद निघून पुढे झाली. झेंडा पडला.

आम्ही काय केलं ते मला आठवत नाही. सर म्हणतात मी त्यांना उचललं. मी म्हणतो त्यांनी मला उचललं. आमच्या चोपड्याची पोर, आमच्या डोळ्यांसमोर! छाती एवढी फुगली होती की शर्टाचं बटण गेलं, ते खरंच गेलं.

गाडी आत आली. मॅनेजरने तिथल्या तिथे सांगून टाकलं की सीट तिची. फोटोवाले तिला ट्रॉफीकडे बोलवायला लागले. ती गेली नाही. हेल्मेट काखेत, केस घामाने चिकटलेले, ती सरळ नानांसमोर येऊन उभी राहिली.

"नाना, माल देखी ल्या."

नाना गाडीपाशी गेले. वाकून चारही टायरांवरून तळवा फिरवला, सावकाश. घाई करायला तयार नाहीत. फोटोवाले थांबले, मॅनेजर थांबला. मग ते गाडीच्या दाराशी आले आणि तिथे थबकले. दारावर हातभर लांब काळा ओरखडा होता.

"एक शे," नाना म्हणाले.

माधुरीचा चेहरा उतरला. सर पुढे काही बोलणार, तेवढ्यात नानांनी अंगठ्याने तो काळा डाग घासला, अंगठ्यावर आलेलं टायरचं रबर उन्हात धरून नीट पाहिलं आणि अंगठा धोतराला पुसला.

"पन तो त्यास्ना शे," नाना म्हणाले. "आपला माल चोख."