बायकांच्या बाजूचा पडदा

माझी आई हिंगणघाटात बावीस वर्षं कोकणातली म्हणून राहिली, आणि कोकण तिने नकाशातसुद्धा धड पाहिलं नव्हतं. ती जन्मली बगदादला, यहुद्यांच्या घरात. वडील पोटापाण्यासाठी मुंबईला आले आणि पोरगी मुक्या सिनेमात गेली. तिथे ती मिस नाओमी होती. घोड्यावरून उड्या मारायची, तलवार चालवायची, आणि पानवाले तिचा फोटो दुकानात लावायचे. मग सिनेमा बोलू लागला. आईचं हिंदी असं, की ती नायकाला मारायला धावतेय की जेवायला बोलावतेय तेच कळू नये. वर्षभरात तिला कोणी विचारेना.

त्याच स्टुडिओत दिव्यांची कामं करणारा दत्तोपंत नावाचा वायरमन होता. तो माझा बाप. त्याने तिच्याशी लग्न केलं, हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी धरली आणि घरी सांगून टाकलं, कोकणातली आपल्याच जातीतली अनाथ मुलगी आहे. नाव अन्नपूर्णा. आता आईचा रंग गोरापान, डोळे घारे, आणि ती पोळीला 'तो' म्हणायची. गावाने हे सगळं कोकणावर ढकललं. "तिकडचे लोक घारेच रायतात," शेजारच्या कमलाकाकू सांगत. काकूंनी पुलगावच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं, पण बोलायला काय लागतं!

आई मात्र रोज घाबरून जगली. ती फोटोला कधी उभी राहिली नाही. मुंबईचा पाहुणा गल्लीत आला की तिचं डोकं दुखायचं. एकदा शाळेत रत्नागिरीचे खरेखुरे मास्तर बदलून आले, तर त्यांच्या बायकोची गाठ पडू नये म्हणून त्या वर्षी आई एकाही हळदीकुंकवाला गेली नाही. मी बारा वर्षांची झाले तेव्हा तिने दार लावून मला सगळं सांगितलं. तेव्हापासून ती भीती आम्हा दोघींची झाली.

चोपन्न साली माझं लग्न ठरलं. मुलगा कारंजा घाडग्याचा, नाव मधू. त्याचे वडील पुंडलिकराव आणि आई जिजाबाई बस्ता काढायला हिंगणघाटला आमच्याच घरी उतरले होते. लुगडी घेऊन झाली, जेवणं झाली, आणि दुपारी गल्लीत ताशा वाजला. वेणा नदीच्या काठी तंबूचा सिनेमा आला होता. जाहिरातीची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, आमच्या दारासमोरून चालली होती. तिच्यावरच्या चित्रात घोड्यावर बसलेली बाई होती, आणि तिच्या गालावर हरभऱ्याएवढा मस. मी आईकडे पाहिलं. तिने पदर डाव्या गालावर ओढून घेतला होता.

बाबा म्हणाले, "जुनाट सिनेमा आहे. मुका. नुसतं वाजप चिकटवलंय मागाहून."

"अजी, जुना असला तं काय झालं!" पुंडलिकराव म्हणाले. "पावन्याले घरी बसवता काय? चला."

आईचं डोकं दुखू लागलं. पण जिजाबाई कसल्या ऐकतात! "तुमी नाई येत तं मीबी नाई जात, विहीणबाई." व्याह्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. दिवेलागणीच्या खेळाला आम्ही निघालो, कमलाकाकूही सोबत आल्या. वाटेत आईने माझा हात असा धरला होता की बांगड्या रुतल्या.

आमच्याकडे तंबूत पडदा मधोमध असे. पुरुष पुढच्या बाजूला, यंत्राकडे, आणि बायका पडद्याच्या मागे. पडद्यावर पाणी मारून तो ओला करत, म्हणजे चित्र आमच्या बाजूलाही उमटे. फक्त उमटे ते उलटं. मधे येणाऱ्या पाटीवरची अक्षरं उलटी, डावं ते उजवं.

दिवा विझला. पहिल्यांदा नुसते घोडे धावले, आणि मला वाटलं, असंच धावत राहू दे. मग तिने तोंड फिरवलं आणि तो चेहरा पडदाभर झाला. माझीच आई, माझ्याएवढी. आमच्या बाजूने मस उजव्या गालावर दिसत होता, पण नाक तेच, हसणं तेच. शेंगा फोडायचा आवाज थांबला. एकेक बाई मागे वळून आईकडे पाहू लागली. जिजाबाई वळल्या नाहीत. त्या आईला खेटून बसल्या होत्या आणि समोरच बघत होत्या. मला ओरडावंसं वाटलं, की तंबूला आग लागली. पलीकडे बाबा माझ्या सासऱ्याशेजारी बसले होते, आणि त्यांच्या पुढ्यात तो मस डाव्या गालावर, जिथे आईच्या आहे तिथेच होता.

खेळ सुटला. कंदिलाच्या उजेडात पुंडलिकराव आईसमोर येऊन उभे राहिले.

"दत्तोपंत, हे काय हाय? तेच नाक, तोच मस. डाव्या गालावर. तुमी आमाले सिनेमातली नटी दाखोली काय?"

बाबांनी कंदिलाची वात खाली केली. संपलं, मी मनात म्हटलं. लग्न गेलं, बाबांची नोकरी गेली, आता गाव सोडायचं.

"कोन्त्या गालावर म्हनता?" जिजाबाईंनी विचारलं.

"डाव्या."

"उजव्या होता. मी डोयानं पाह्यला."

"अवं, मी समोर बसलो होतो!"

"अन् मी काय घरी बसली होती? काऊन वं कमला, कोन्त्या गालावर होता?"

कमलाकाकूंनी आईकडे पाहिलं. "उजव्या," त्या म्हणाल्या.

"उजव्याच," मागून कोणीतरी म्हणालं. मग सगळ्याच म्हणू लागल्या. पुरुषांपैकी एकही कधी पडद्यामागे बसला नव्हता. एवढ्या बायका एकतोंडाने सांगतात म्हटल्यावर पुंडलिकरावांनी डोळे चोळले. "यंत्रच खराब दिसते साल्याचं," असं काहीतरी पुटपुटले आणि पुढे चालू लागले. मी रडायची तेवढी बाकी होते.

घरी मोरीवर पाय धुताना जिजाबाई आईजवळ आल्या. मी तांब्या घेऊन उभीच होते.

"मी लहानपनापासून पडद्यामागं बसतो, विहीणबाई. आमच्या बाजूनं सारे डाव्या हातानं जेवतात. मले समजलं नाई, असं वाटलं तुमाले?"

आईने पदर पुन्हा गालावर ओढला.

"लग्न मोडत नाई. पद्मा पोरगी चांगली हाय. पन तुमी कारंज्याले येऊ नका, कधीच. मोठ्या रस्त्यावरचं गाव हाय, मुंबईपासून लोक येतात, कोनी वळखन. सणावाराले पोरगीबी पाठवनार नाई. येनंजानं वाढलं का माणसं तोंडाकडे पायतात. आज झाकलं, रोज झाकता नाई येत. मलेबी मालकाचं भेव लागते, बाई."

आईने माझ्या हातातला तांब्या घेतला. मग म्हणाली, "बाळंतपणाला?"

"पाठवीन. ते माहेरीच व्हायले पायजे, नाई तं लोक विचारतीन."

"बरं," आई म्हणाली. धावत्या घोड्यावरून उडी मारणारी बाई, आणि म्हणाली काय, तर बरं! मला सासूपेक्षा तिचाच जास्त राग आला.

लग्न झालं. सासूबाईंनी दिलेला शब्द अक्षरशः पाळला. दिवाळीला मला घ्यायला कोणी आलं नाही. संक्रांत गेली, आषाढातली अखाडी गेली. मी आजारी पडले तरी आई आली नाही. सासूबाई वाईट नव्हत्या, ताटात तूप जास्तच वाढायच्या, पण माहेरचं नाव काढलं की उठून जायच्या. छपन्न साली पहिला मुलगा झाला. सातव्या महिन्यात मला हिंगणघाटला पाठवलं, ती बाळ सव्वा महिन्याचं होईतो मी आईपाशी होते. अठ्ठावन्न साली दुसरा, तेव्हाही तसंच.

तिसऱ्याला आमचे हे नको म्हणत होते. दोन पुरेत, म्हणाले. मी ऐकलं नाही, रुसले, भांडले, अबोला धरला. शेवटी एकोणसाठच्या उन्हाळ्यात सातवा लागला आणि सासूबाईंनी गाडी जुंपायला सांगितली.

कारंज्यात अजून म्हणतात, पद्माला मुलांची फार हौस. मुलांची हौस पहिल्यातच फिटली होती. मला आई हवी होती.