खिंडीतली चूल

सातपुड्यातली जुनी पायवाट नाना कधी रिकाम्या हाताने चढत नाहीत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे नाना म्हणतात, मीही म्हणतो. पायथ्याच्या नाल्यातला एक दगड ते काखोटीला मारतात आणि धापा टाकत वर खिंडीतल्या ढिगावर ठेवतात. पूर्वी मिठाच्या गोण्या वाहताना जे तिथे मेले, त्यांच्यावरचा हा ढीग. जळगावहून डोंगर बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मी वाट दाखवतो आणि ही गोष्ट रंगवून सांगतो.

रविवारी खिंडीत ती सांगून झाली आणि पाहुण्यांनी ढिगातलेच तीन दगड काढून चूल मांडली. चहाचा पहिला कप मला मिळाला, गोष्ट सांगितली म्हणून.

मागून नाना आले. त्यांनी पातेलं लाथेने उडवलं आणि तापलेले दगड उघड्या हातांनी उचलून ढिगावर परत ठेवले.

"आजोबा, दगडच तर आहेत!" एक पाहुणा चिडला.

नानांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "त्यास्ले काय बोलू?" ते माझ्यावर ओरडले. "तू कधी एक तरी दगड लई उना का?"

दगड घेऊन मी कधीच आलो नव्हतो. कपाचा चटका बसत होता, म्हणून मी तो रुमालात धरला होता.