बाभळींचा ठराव

दुष्काळाच्या त्या वर्षी मी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होते. गावातलं पाणी, झाडं, गायरान यांबद्दल ग्रामपंचायतीत निर्णय नेमका कोण घेतं, याचा अभ्यास चालला होता. मी शेवगावात खोली घेऊन राहिले होते. सकाळच्या एस.टी.ने एखाद्या गावी जायचं, ठराव उतरवून घ्यायचे, सदस्यांना भेटायचं.

एका गावात दोन महिला सदस्य होत्या. एक सरपंचांची भावजय; ती दाराबाहेर आलीच नाही. दुसरी पन्नाशीची विधवा. चार शेळ्यांवर तिचं घर चालायचं.

"मावशी, मीटिंगला जाता का?" मी विचारलं.

"कुनी बोलवत न्हाई. शिपाई घरी वही आनतो, मी अंगठा देते."

"वाचून दाखवतो का?"

"त्यालाच कुठं येतंय वाचायला."

मी त्याच सकाळी उतरवलेला एक ठराव तिला वाचून दाखवला. ओढ्याकाठच्या बाभळी वाळलेल्या असून रस्त्याला अडथळा होतो, सबब त्यांचा लिलाव करावा. खाली तिचा अंगठा होता. वाचायला नको होतं की काय, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या वर्षी दुसरा चारा कुठेच नव्हता. तिच्या शेळ्या त्या बाभळींच्या शेंगांवर जगत होत्या.

तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजे मीच दिल्या व्हय त्या?"

"तुम्हाला कळलं नव्हतं ना, मावशी."

"तसं लिवलंय का खाली?"

पुढच्या सभेला ती आपणहून गेली. परवानगी घेऊन मीही कोपऱ्यात बसले होते. ती दाराशी टेकली आणि विषय निघायच्या आधीच बोलली, "त्यो बाभळीचा ठराव मागं घ्या. मला ठाऊक नव्हतं."

सरपंच सभ्य माणूस. आवाज न चढवता म्हणाले, "ठाऊक नव्हतं, तर अंगठा कशाला दिला?" आणि तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, "पुण्याच्या बाईंनी वाचून दाखवलं वाटतं."

मी बोलायला हवं होतं. मी मान खाली घालून लिहीत राहिले. पुढचा विषय टँकरचा होता, तो सुरू झाला.

आठवड्याभरात बाभळी तुटल्या. मी एस.टी.तून उतरले तेव्हा ती ढलप्यांमधून शेंगा वेचत होती. मला बघितलं, पण हात थांबवला नाही. नंतर दोन शेळ्या बाजारात गेल्या.

तिच्याकडे वही यायची बंद झाली. सभा कधी आहे, हे तिला कोणी सांगत नव्हतं. प्रोसिडिंग बुकात मात्र दर सभेला तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं जाई. घरी बसून अंगठा देत होती तोवर ती हजर होती. सहा महिने झाल्यावर, सतत गैरहजर म्हणून तिचं सदस्यत्व गेलं. कायद्यात तशी तरतूद होती, ग्रामसेवकाने मला कलम काढून दाखवलं.

काम संपल्यावर मी तिचा निरोप घ्यायला गेले. तिने तांब्याभर पाणी दिलं. घागर किती लांबून भरून आणली असेल ते मला माहीत होतं.

"आता कुठलं गाव?" तिने विचारलं.

मी नाव सांगितलं.

"तिथं बी बायांना वाचून दाखवनार?"

आवाजात राग नव्हता. गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले.

पुण्यात मी तिची सगळी हकीकत सात पानांत लिहिली. आमच्या प्रमुखांनी ती लक्ष देऊन वाचली. "लिहिलंय चांगलं," ते म्हणाले, "पण हे एका बाईचं झालं. आपल्याला तालुक्याचं चित्र द्यायचंय."

पानं फायलीत गेली. अहवालात त्या गावाची एक ओळ आली : महिला सदस्यांची उपस्थिती असमाधानकारक. तक्ते भरायचं काम माझ्याकडे होतं, ती ओळ मीच भरली.