लहानूचा तिसरा गिअर

शर्यतीच्या आधी लहानू भोये पायातले बूट काढायचा आणि अख्ख्या ट्रॅकवर अनवाणी चालून यायचा. बाकीचे रायडर त्या वेळी चेन ताणत असत, हेल्मेटच्या काचा पुसत असत, एकमेकांच्या टायरांकडे चोरून बघत असत. हा मात्र हात पाठीमागे बांधून, सकाळी बांधावरून फेरी मारणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, वळणावळणाला थांबत चालायचा. कुठे अंगठ्याने माती उकरून बघायचा, कुठे चार पावलं मागे जायचा. मी एकदा त्याला म्हटलं, “अरे, सगळे हसतायत.” तर म्हणाला, “हसू दे ना भाऊ. आधी पायाला कळाया पायजे. मंग पाय गाडीला सांगंल.”

हे बोलणारा माणूस पुढे देशातल्या मोजक्या रायडरांत गणला गेला. मी जव्हारचा बेकरीवाला. शर्यतीतलं मला जे काही कळतं ते त्याच्या मागे मागे फिरून. पण एखादा माणूस एखादी गोष्ट इतकी चांगली करतो की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा, हे मी त्याच्याच बाबतीत अनुभवलं. आज इतक्या वर्षांनीही त्याच्याबद्दल बोलायला लागलो की माझा आवाज आपोआप खाली येतो. देवळात येतो तसा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमचे पाव तेव्हा एस.टी.च्या टपावरून मोखाड्याकडच्या गावांना जात आणि दुपारपर्यंत त्यांचा चपटा लगदा होऊन पोचत. बाबांनी एक जुनी मोटरसायकल घेतली, तिला दोन्ही बाजूंनी करंड्या बांधल्या आणि पाव पोचवायला माणूस ठेवला. एक ठेवला, दुसरा ठेवला, पाव चपटेच. भट्टीवर लाकडं फोडायला पोशेऱ्याचा एक काळासावळा, शिडशिडीत पोरगा होता, हाच लहानू. वय असेल अठरा-एकोणीस. गावच्या ग्रामसेवकाची गाडी ओढ्यावर धुऊन देता देता तो चालवायला शिकला होता. तो बाबांना म्हणाला, “शेट, मी नेऊ?”

बाबा म्हणाले, “ने. पण पाव फुलासारखे पोचले पाहिजेत.”

पहिल्याच आठवड्यात मोखाड्याच्या दुकानदाराने निरोप धाडला, की आता हाच माणूस पाठवत जा.

एकदा भर श्रावणात मी त्याच्या मागे बसून गेलो. करंड्यांच्या मध्ये कसाबसा. रस्ता म्हणजे लाल चिखल, मध्येच दगड, मध्येच वाहतं पाणी. मला वाटलं होतं, हा जपून, हळूहळू नेत असेल. तसं काहीच नव्हतं. झाडं मागे पळत होती आणि मला एकही धक्का बसत नव्हता. आमच्या कितीतरी आधी सुटलेली जीप आम्ही चढावर गाठली आणि ओलांडली. उतारावर मी ओरडलो, “ब्रेक लाव, लहानू!”

मान न वळवता तो म्हणाला, “बरेक मारला का पाव पुढं जातात, भाऊ. त्यांना पुढं जाऊच द्यायचं नाय.”

शर्यतीचं वेड खरं मला होतं. माझ्या खोलीच्या भिंती रेसच्या चित्रांनी भरल्या होत्या. नाशिकला मातीच्या ट्रॅकवर खुली शर्यत आहे असं समजलं, तेव्हा मी करंड्या काढून बेकरीचीच गाडी घेऊन गेलो. लहानूला बरोबर घेतलं, वाटेत पंक्चर झालं तर मदतीला म्हणून. तिथे पोचल्यावर मी कागदपत्रं करत होतो आणि तो आपला चपला काढून ट्रॅकवर चालत सुटला होता. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला माती बघायची होती, एवढंच.

माझी शर्यत पहिल्या वळणावर संपली. मी सरळ गवताच्या गठ्ठ्यांत घुसलो आणि मनगट सुजवून घेतलं. दुपारी दुसऱ्या गटाची शर्यत होती. आयोजकांच्या हातापाया पडून मी तिच्यात आमच्याच गाडीवर लहानूला उभा केला. माझे बूट त्याला मोठे होत होते, म्हणून पुढे कापडाचे बोळे कोंबले. झेंडा पडला आणि तो सगळ्यात मागे राहिला, कारण झेंडा पडला की निघायचं असतं हे त्याला शेजारचे निघाल्यावर कळलं.

पुढे जे झालं ते मी दोरीला धरून बघत होतो. बाकीचे गाड्यांशी मारामारी करत होते. वळणावर गाडी आडवी, पाय मातीत, इंजिन किंचाळतंय, माती उडतेय. लहानूची गाडी मात्र ओहोळातल्या पाण्यासारखी वाट काढत होती. एकाच्या आतून गेला, दुसऱ्याच्या बाहेरून गेला. बघणाऱ्याला कळायचं नाही की हा वेगात आहे. एवढंच दिसायचं की मघाशी मागे होता आणि आता पुढे आहे. लाउडस्पीकरवरचा माणूस विचारायला लागला, “हा कोण? नंबर सांगा याचा कुणीतरी!” शेवटच्या फेरीत त्याच्यापुढे कुणी नव्हतं.

जिंकल्यावर तो थांबलाच नाही. अजून एक फेरी मारून आला आणि हेल्मेट काढून मला म्हणाला, “संपली काय, भाऊ? मला वाटलं अजून हाय.”

तो कप बाबांनी दुकानात खारी-बटरच्या बरण्यांमध्ये ठेवला.

दोनेक वर्षांत दक्षिणेतल्या एका गाड्यांच्या कंपनीने त्याला आपल्या टीममध्ये घेतलं. पोशेऱ्याचा लहानू पगारी रायडर झाला. रंगीत सूट, दोन गाड्या, दिमतीला मेकॅनिक. पुणे, कोल्हापूर, कोइमतूर, कुठे कुठे तो जिंकत गेला. मी जमेल तेव्हा रजा टाकावी तशी बेकरी टाकून जायचो. तो बदलला नाही. हॉटेलात नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी मागायचा आणि मिळाली नाही की वेटरचीच समजूत काढायचा. नवखे रायडर त्याला युक्ती विचारत. तो सांगायचा, “पुढच्याकडं बघून चालवलं का पुढच्याएवढंच चालतं. रस्त्याकडं बघ.” एका वार्ताहराने विचारलं, तुमचे गुरू कोण? हा म्हणाला, “पाव.” दुसऱ्या दिवशी छापून आलं, ‘प्रशिक्षक श्री. पाव यांच्या मार्गदर्शनाखाली’. बाबा ते वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग एका शर्यतीत उंचवट्यावरून उडी घेतलेल्या दुसऱ्या रायडरची गाडी तोल जाऊन लहानूच्या डाव्या पायावर येऊन पडली. घोट्याच्या हाडांचा चुरा झाला. दोन ऑपरेशनं झाली. पाय वाचला, पण घोटा लाकडासारखा ताठ झाला. वर होईना, खाली होईना. कंपनीचे लोक शेवटपर्यंत नीट वागले, पण करार संपल्यावर तो पुन्हा झाला नाही. कुबडी घेऊन तो पोशेऱ्याला परतला.

त्याचे वडील लहानपणीच गेलेले. घरात आई. तिने त्याची शर्यत कधी बघितलेली नव्हती. मुलगा ‘गाडीवर हाय’ एवढंच तिला माहीत होतं. म्हणजे ड्रायव्हरची नोकरी असावी असा तिचा समज. पायाकडे बघून ती म्हणाली, “उरला हाय तेवढा पाय पुरे. आता ती शर्यत नाय.” लहानूने मान हलवली. आईचा शब्द तो मोडत नसे.

मी भेटायला गेलो की तो ओट्यावर बसलेला असायचा. बोलायचा, हसायचा, पण समोरच्या रस्त्यावरून मोटरसायकल गेली की मध्येच गप्प व्हायचा. आवाज विरेपर्यंत गप्प. एकदा असाच गप्प झाल्यावर म्हणाला, “भाऊ, पाव कोण नेतो आता?”

पाव न्यायला आईची हरकत नव्हती. ते काम होतं, शर्यत नव्हती. अडचण गिअरची होती. वरचा गिअर टाकायला डाव्या पायाची बोटं दांडीखाली घालून ती वर उचलावी लागते, आणि त्याचा घोटा तर उचलत नव्हता. जव्हारच्या मेकॅनिकने त्या दांडीला मागच्या बाजूनेही एक लांब पट्टी जोडून दिली. म्हणजे टाच दाबली की वरचा गिअर पडायचा. पण टाच मारायला त्याला अख्खा पाय उचलावा लागे, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तेवढ्यात तोल जाई.

पहिल्या दिवसांत पाव चपटे होऊन पोचले. दुकानदारांनी परत पाठवले. संध्याकाळी लहानू त्या करंड्या उतरवून त्यांच्याकडे बघत उभा राहायचा. देशभर जिंकलेला माणूस, आणि समोर दबलेले पाव. बाबा काही बोलले नाहीत, मीही नाही. लोक बोलत होते. मोखाड्याच्या स्टँडवर कुणीतरी त्याला तोंडावर म्हणालं, “काय रे, शेवटी पाववालाच झालास ना?” तो म्हणाला, “आधी होतोच की.” आणि गाडीला किक मारली.

पावसाळा गेला, थंडी गेली. तो रोज जात राहिला. एका उन्हाळी सकाळी माझ्या लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांत कुणाची तक्रार आलेली नाही. मी मुद्दाम त्याच्या मागे बसलो. दाभोशाच्या उतारावर त्याने गाडी सोडली. मी श्वास रोखून त्याच्या डाव्या पायाकडे बघत होतो. पाय उचलत होता, पडत होता, आणि मला एकही धक्का बसला नाही. खाली पोचल्यावरही मी त्याच्या पायाकडेच बघत होतो. तो म्हणाला, “काय झालं भाऊ? भ्यायलास?”

मी म्हटलं, “नाशिकची शर्यत आहे पुढच्या महिन्यात.”

त्याने करंड्यांच्या दोऱ्या ओढून बघितल्या. मग म्हणाला, “आयेला विचारतो.”

आईने ना हो म्हटलं, ना नाही. ती म्हणाली, “मी बघंन. मंग सांगंन.”

म्हणून ती आमच्या टेम्पोतून नाशिकला आली. मी तिला दोरीच्या अगदी जवळ, मातीच्या ढिगावर बसवलं. आदल्या दिवशी वळवाचा पाऊस पडून ट्रॅक चिखलाचा झाला होता. लहानूची जुनी टीमही आली होती, नव्या गाड्या घेऊन. लहानू बेकरीच्या गाडीवर.

यंदा झेंडा पडताच तो सुटला. दुसऱ्या फेरीतच सगळ्यांच्या पुढे. तिसऱ्या फेरीत, आमच्या डोळ्यांसमोरच्या वळणावर, त्याचं पुढचं चाक घसरलं आणि तो गाडीखाली गेला. आई उभी राहिली. एकामागून एक सगळ्या गाड्या त्याला ओलांडून गेल्या. तो रांगत बाहेर आला, गाडी उचलली, आणि तेव्हा मला दिसलं की टाचेची ती पट्टी तुटून चिखलात पडली होती.

म्हणजे आता त्याला गिअर खाली आणता येणार होता, वर चढवता येणार नव्हता. गाडी तिसऱ्यात होती. वळणावर एकदा जरी दुसऱ्यात आणली, तर शर्यत तिथेच संपली. मला वाटलं, आता बाहेर येईल. त्याने पट्टीकडे एकदा बघितलं. गाडी पुढे ढकलली, लंगडत दोन पावलं धावला आणि उडी मारून बसला.

उरलेली अख्खी शर्यत त्याने तिसऱ्या गिअरमध्ये चालवली. तिसऱ्यात राहायचं तर वळणावर वेग पडू द्यायचा नाही, कारण पडला की इंजिन गुदमरणार. जिथे बाकीचे सगळे ब्रेक मारत होते, तिथे याला ब्रेक मारायची सोयच नव्हती. तो वळणांत बाहेरच्या, उंच कडेने शिरायचा आणि वेग तसाच धरून खाली उतरायचा. सपाटीवर बाकीचे चौथ्यात, पाचव्यात जाऊन लांब पळायचे. वळण आलं की हा पुन्हा त्यांच्या मागच्या चाकाला. एकेकाला गाठून तो पुढे गेला. लाउडस्पीकरवरचा माणूस बोलायचा थांबला होता. हे असं होत नसतं हे मला माहीत होतं, आणि ते माझ्यासमोर होत होतं.

तो तिसरा आला.

जुन्या टीमचा प्रमुख चिखल तुडवत आला. त्याने वाकून गाडीची तुटकी दांडी बघितली, गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे ते हाताने चाचपून पाहिलं. “पूरा थर्ड में चलाया?” त्याने विचारलं. लहानू म्हणाला, “दुसरा रस्ता नही था, साब.” पहिला आलेला रायडर मागून आला आणि त्याने आपला हार लहानूच्या गळ्यात घातला. प्रमुख म्हणाला, सोमवारी ये, करार करू.

लहानू आईकडे बघत होता.

ती ढिगावरून उतरून आली. पदराने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला, मग खाली बसून त्याचा डावा पाय दाबून बघितला. म्हणाली, “तू पडला तवा मी डोळं मिटलं. उघडलं, तं तू गाडी उचलीत होतास.” मग उठून उभी राहिली. “माज्यानं तुला बसवून ठेववायचं नाय. जा तू.”

तो गेला. टीमने त्याच्या गाडीला टाचेची पक्की पट्टी बसवून दिली. पुढची दोन वर्षं तो कधी दुसरा आला, कधी चौथा. मग भातकापणीच्या दिवसांत वर्षातली शेवटची शर्यत दक्षिणेत होती. निकालाचा फोन बेकरीत येणार होता, म्हणून त्याची आई सकाळच्या जीपने जव्हारला येऊन माझ्याशेजारी बाकावर बसली होती. संध्याकाळी घंटी वाजली. मी निकाल ऐकला. रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

ती जोरात म्हणाली, “पडलास काय रं?”

त्याचा आवाज रिसीव्हरबाहेर मलाही ऐकू येत होता. “पडलो आये, एकदा.”

“मंग?”

“उठलो.”

तिने मान हलवली आणि रिसीव्हर मला परत दिला. मी रडतच म्हटलं, “मावशी, तो देशात पहिला आलाय! अख्ख्या देशात!”

“आयकलं मी,” ती उठत म्हणाली. “पोशेऱ्याची जीप जाईल आता. शेतात भात उभा हाय. त्याला सांग, सुट्टी गावली तं ये म्हणावं.”

सुट्टी मिळाली. मी पेढे घेऊन पोशेऱ्याला गेलो तेव्हा देशातला पहिला नंबर गुडघाभर भातात वाकून विळा चालवत होता. शेजारच्या पातीला त्याची आई होती, आणि ती त्याच्या बरीच पुढे गेली होती.