फटफटीचा कान

सोमाजीची फटफटी थंडीच्या दिवसांत बायकोशिवाय सुरू राहत नव्हती, आणि ती नीट करून घ्यायची सोमाजीची इच्छाच नव्हती. कोंढा गावातले लोक म्हणायचे, हा माणूस चिकट आहे. कोणी म्हणायचं आळशी आहे. लोकांचं काय, देवाने तोंड दिलंय, चालवतात. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते खुद्द सोमाजीलाही अर्धंच माहीत होतं.

सोमाजी मिरचीचा व्यापारी. घरची धानाची शेती थोरला भाऊ केशवराव पाहायचा. तलावाखालच्या बांद्या म्हणजे धानाची खाचरं, बैल, गडीमाणसं सगळी त्याच्या हाताखाली. सोमाजी गावोगावचे बाजार करायचा. सायकल हाणून हाणून कंबर मोडायची वेळ आली तेव्हा त्याने भंडाऱ्याच्या एका ओव्हरसियरची जुनी फटफटी घेतली. हे लग्नाच्या आदल्या वर्षीचं, त्र्याहत्तर साल असेल. गाडी दणकट. एकदा तापली की पवनीच्या रस्त्याला बैलगाड्या, सायकली सगळ्यांना धूळ चारायची. पण सकाळच्या गारठ्यात तिचं काही खरं नसे. कारबेटरच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा, घाम फुटेपर्यंत किक मारायची, तेव्हा ती एकदाची बोलायची. आणि मूठ सोडली रे सोडली की दोन ठसके देऊन गप्प! इंजिन गरम होईपर्यंत कोणीतरी रेसची मूठ जराशी पिळून धरायलाच हवी. नेमकं त्याच वेळी सोमाजीला मागे पोती आणि तराजू बांधायचा असे. त्याला हात दोनच.

लग्न झालं त्या हिवाळ्यातली गोष्ट. त्याची आई सुंदरबाई अंगणाच्या कडेच्या छपरीत बसून तांदूळ पाखडत होती. मुलाची झटापट पाहून तिचं डोकं फिरलं.

"काहून रे, सकाळपासून त्या फटफटीसंगं कुस्ती खेळून राहिला? अवो सत्यवती! जाय, धर तिचा कान. नाहीतर हा काही आज बाजाराले जात नाही."

रेसच्या मुठीला कान हा शब्द सुंदरबाईचा. वात्रट पोराचा कान पिळला की पोरगं सरळ येतं, तशी ही फटफटी, एवढा साधा हिशेब. घरात पुढे सगळेच म्हणू लागले, फटफटीचा कान.

नवी सून सत्यवती पदर खोचून आली आणि तिने कान धरला. इंजिन धडधडू लागलं. सोमाजीने पोत्याचा दोर आवळता आवळता बायकोकडे पाहिलं, आणि लग्नाला महिना होऊन गेला तरी जे जमलं नव्हतं ते त्या दिवशी जमलं. तो तिच्याशी बोलला.

आता आजच्या लोकांना यात काय मोठं, असं वाटेल. वाटू द्या. त्या काळी मोठ्यांदेखत नवऱ्याने बायकोशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. दिवसभर घरात माणसं. रात्रीचं म्हणाल तर दोघांच्या खोलीला भिंत कसली, बांबूचा तट्टा! पलीकडे केशवराव, त्याची बायको आणि पोरं. केशवरावाने कूस बदलली तरी इकडे कळायचं, तर इकडे कोण काय बोलणार? पण अंगणात फटफटी धडधडत असली की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. मग दुसऱ्याला काय येणार! दोघं बिनधास्त बोलू लागली.

"काय म्हणतेस?" सोमाजी ओरडून विचारायचा.

"मी म्हणून राहिली, हाताले फोड आले जी!" सत्यवती त्याहून मोठ्याने सांगायची. "कांडून कांडून! माहेरी सवय नव्हती."

त्या दिवशी सोमाजी बाजारात गेला तो फोडांचाच विचार करत. संध्याकाळी परत आला तर घरात सुंदरबाईचा आवाज टिपेला.

"हिच्या हातचं कांडण पाहा! अर्धे तांदूळ कणी करून ठेवले. उखळापाशी दिसू नको आता मले. जाय, भाजी चीर!"

सत्यवतीने खाली मान घालून भाजी चिरायला घेतली. बिचारीला बोलणी बसली याचं सोमाजीला वाईट वाटलं, पण उखळ सुटलं याचं बरंही वाटलं. हाताचे फोड आठवड्यात गेले.

मग एकदा तिने कान धरता धरता सांगितलं की उकडलेले शिंगाडे खावेसे वाटून राहिले. दोन दिवसांनी मासे धरणाऱ्या ढिवराची बाई तलावातल्या शिंगाड्यांची टोपलीच घरी टाकून गेली, आणि सुंदरबाई सगळ्यांवर डाफरली, "कोणी मांगितले होते हे? आता सडवू नका, खाऊन टाका!" पुढे सत्यवतीला बपेऱ्याची, माहेरची फार आठवण येऊ लागली. बपेरा कुठे, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेवर. सोमाजीची आईला विचारायची हिंमत होत नव्हती. तोच सुंदरबाई म्हणाली, "हिचं तोंड पाहून पाहून कंटाळली मी. नेऊन टाक हिले बपेऱ्याले, चार दिवस मले शांती भेटन."

"तुमची माय लय खाष्ट आहे जी," सत्यवती गाडीपाशी म्हणाली.

"हाव, पण आपलं नशीब चांगलं आहे," सोमाजी ओरडला. "या फटफटीत देव बसला आहे, देव!"

देव बसला होता हे खरं. कुठे बसला होता, एवढंच चुकलं.

दोन हिवाळे असे गेले. मधल्या उन्हाळ्यात सत्यवतीचं पोट सहाव्या महिन्यात रिकामं झालं. ती त्याबद्दल कोणाशीच बोलली नाही. थंडी पडल्यावर, पहिल्यांदा कान हातात आला तेव्हा बोलली, आणि इंजिन तापून लाल व्हायची वेळ आली तरी दोघांनी गाडी बंद केली नाही. सोमाजी रडत होता आणि दोर पुन्हा पुन्हा बांधत होता. तो दोर ज्याने पाहिला असेल त्याला वाटलं असेल, एवढ्या गाठी कशाला.

त्याच थंडीत फटफटीने दगा दिला. सोमाजी मिरचीचा एक मोठा सौदा करायला निघाला होता. वाटेत पुलावर थांबला, इंजिन गार झालं, आणि तिथे कान धरायला सत्यवती नव्हती. तो पोचेपर्यंत माल दुसऱ्याने उचलला. केशवराव भडकला.

"दोन साल झाले पाहून राहिलो. एक तं नीट कर, नाहीतर विकून टाक. हे काय लाड लावले गाडीचे!"

"करतो गा दादा, करतो," सोमाजी म्हणाला आणि नेहमीसारखंच काही केलं नाही. गाडी विकली तर सकाळचं बोलणं गेलं. नीट केली तरी गेलंच. तो कुठल्या तोंडाने भावाला हे सांगणार?

शेवटी केशवरावच एक दिवस गाडी पवनीला घेऊन गेला. मिस्तरीने पाहताच सांगितलं की कारबेटर आणि इंजिनाच्या सांध्यातून हवा आत शिरते, म्हणून थंडीत पेट्रोल पुरत नाही. त्याने नवं पॅकिंग बसवलं, आत साचलेला कचरा फुंकून काढला, पॉइंट घासले, हवेचा स्क्रू जागेवर आणला. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोमाजीने किक मारली आणि फटफटी संथ, एका सुरात चालू राहिली. कान धरायला कोणी नको.

सत्यवती राखेचे हात घेऊन दारात आली होती. तिने गाडीकडे पाहिलं, सोमाजीकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. तिला काहीतरी सांगायचं होतं हे सोमाजीला स्पष्ट दिसलं. पण केशवराव अंगणात कौतुकाने उभा होता. "पाहा! आता कशी चालून राहिली!" ती आत गेली.

पुढे रोज तेच. फटफटी शहाण्यासारखी चालायची आणि सत्यवती दारातून परत फिरायची. तिचा चेहरा उतरत चालला. सोमाजीच्या मनात आलं, स्क्रू जरा ढिला करावा. हात तिथवर गेलाही. पण गाडी पुन्हा बिघडली तर दादा ती विकणार, हे पक्कं. त्याने हात मागे घेतला आणि स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. बायकोला काय झालंय हे विचारण्याचं एवढंसं काम, आणि मोठा व्यापारी म्हणवणाऱ्या माणसाला ते जमू नये!

मग एका सकाळी, फटफटी छान चालू असताना, छपरीतून सुंदरबाईचं सूप थांबलं.

"काहून वो सत्यवती, आंगात काही राहिलं नाही का? फटफटीचा कान कोण धरन?"

केशवराव हसला. "माय, मिस्तरीने नीट केली ना. आता धरा नाही लागत."

"तुहा मिस्तरी पवनीत राहते. फटफटी माह्या आंगनात राहते. थंडी कोणाले जास्त समजते, त्याले का मले?" सुंदरबाईने सूप आपटलं. "जाय वो! आन नीट पिळ. आवाज आला पायजे."

सत्यवती धावतच आली. तिने कान असा पिळला की छपरावरची कबुतरं उडाली.

"मले दिवस गेले जी!"

"काय?"

"दिवस गेले! तिसरा महिना आहे! मले लय भेव लागून राहिलं!"

सोमाजीच्या हातातून तराजू पडला. "भिऊ नको," तो गळा फाडून ओरडला, "मी आहे ना, भिऊ नको!" आणि ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

त्या संध्याकाळी सुंदरबाईने सुनेच्या डोक्यावरची घागर काढून घेतली. "दोन घागरी फोडल्या हिने. पाणी भरायले आता थोरली जाईन. हिले बसवून ठेवा कोपऱ्यात." सत्यवतीने एकही घागर फोडलेली नव्हती. पण सासूला कोण विचारणार? ती कोपऱ्यात बसली, शेवटपर्यंत बसली, आणि पावसाळ्यात धानाची रोवणी चालू असताना मुलगी झाली. धडधाकट. नाव जना.

वर्षं गेली. सुंदरबाई गेली, तीही कोणावर तरी खेकसतच. सत्यवती रीतीप्रमाणे रडली, पण मनात म्हणाली, सुटली मी. पुढे घराचा कारभार सत्यवतीच्या हाती आला, दोघांना बोलायचालायला मोकळीक आली, पोरं मोठी झाली. केशवरावाचा मुलगा ताराचंद काकाबरोबर मिरचीच्या धंद्यात आला. शहाऐंशी साली त्याचं लग्न झालं. सून नाकाडोंगरीची, रुखमा, नवी म्हणून मोठ्यांना बिचकून असायची. तोवर फटफटी म्हातारी झाली होती आणि थंडीत पुन्हा ठसकायला लागली होती. आता तिच्यावर पॅकिंगचा इलाज नव्हता. इंजिनच झिजलं होतं.

त्या हिवाळ्यात सोमाजीचा पाय मुरगळला. बाजाराला ताराचंद एकटा निघाला. सोमाजी चहा घेऊन छपरीत बसला, आई बसायची त्याच खांबाशी. गाडी चालू असताना तिथे बसायची त्याची आयुष्यात पहिलीच वेळ. अंगणात ताराचंदने किक मारली आणि हाक दिली. रुखमा येऊन कान धरून उभी राहिली. फटफटी धडधडू लागली.

"माह्या बाबाची तब्येत बरी नाही म्हणतात!" छपरीत स्वच्छ ऐकू आलं. "एकडाव पाहून आली असती जी! पण काकीले विचारायचं भेव वाटते!"

"काय म्हणतेस?"

"बाबा! बाबाले पाहाचं आहे!"

सोमाजीच्या हातातला कप तसाच राहिला. इंजिनाशी उभ्या असलेल्याला आपला आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो ओरडतो. आणि छपरीत शब्द न् शब्द येतो. त्याने आत हाक मारली. सत्यवती हात पुसत आली.

"बस इथं. काही बोलू नको. आइक."

तिने ऐकलं. आधी तिला कळेना, यात ऐकायचं काय. मग तिचा चेहरा बदलला. ती खांबाला धरून खाली बसली.

"फोड," ती हळूच म्हणाली. "शिंगाडे. बपेरा." थोड्या वेळाने म्हणाली, "घागरी." आणि तिचे डोळे भरून वाहू लागले. "आन मी त्या बाईले मरेपर्यंत खाष्ट म्हटलं जी. गाडीपाशी उभी राहून म्हटलं. तेही आइकलं असन तिने."

"आइकलं असन," सोमाजी म्हणाला. "तरी कान धरायले लावला."

सत्यवतीने पदराने तोंड पुसलं. अंगणातली दोघं अजून ओरडत होती. मग ती उठली, छपरीच्या कडेला गेली, आणि सोमाजीने तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"ताराचंद! बंद कर ते!" रुखमाने दचकून कान सोडला, फटफटी ठसकून बंद झाली. "ही पोरगी सकाळपासून घरात धड काम करून नाही राहिली. हिचं तोंड पाहून पाहून कंटाळली मी. आज बाजार राहू दे, नेऊन टाक हिले नाकाडोंगरीले, आठ दिवस मले शांती भेटन!"

रुखमाचा चेहरा पडला. ती कपडे भरायला घरात धावली. जाता जाता तिने काकीकडे एकदा रागाने पाहिलं. सत्यवतीने मान वळवून तो राग झेलला आणि सासूचं सूप खुंटीवरून काढून तांदूळ पाखडायला बसली.