बाबांची काळी एक

मी वणी सोडली त्या दिवशी आधी गाडी बाबांची आली. स्टँडवर आम्ही दोघंही प्रवासी होतो. मला नागपूरला जाऊन विमान पकडायचं होतं आणि बाबांना गायन पार्टीसोबत कळंबकडे कार्यक्रमाला जायचं होतं. माझ्या दोन बॅगा आणि मधे चादरीत बांधलेली त्यांची पेटी. आई आलीच नव्हती, चारचौघांत रडणं तिला पटत नाही. कळंबची बस लागली तशी बाबांनी पेटी खांद्यावर घेतली. "तुह्या गाडीले टाइम हाय, माही आली. पोहोचली का फोन करजो," म्हणाले, जयभीम केला आणि चढले. मुलगी परदेशी निघालेली आणि बसच्या खिडकीतून हात हलवतोय तो बाप! मला हसू आलं होतं. रडू यायला मग वरोरा उजाडलं.

हे मी तुम्हाला लिहितेय, गल्लीत राहिलात त्यांना आणि माझ्यासारखे निघून गेलात त्यांनाही. तुम्ही सगळे विचारता, बाबांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग कसं झालं? मी "छान झालं" म्हणून सांगत आले. खोटं सांगत आले.

लीड्सला मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रक्ताच्या नळ्या, बारकोड, शिफ्ट. पहिली दोन वर्षं मी गाणं ऐकणंच टाळलं होतं. माझे घरमालक क्लाइव्ह, रिटायर्ड बसड्रायव्हर, खालच्या मजल्यावर राहतात. एका शनिवारी दुपारी ते गिटार वाजवत होते आणि मी धुण्याची टोपली घेऊन जिन्यातच बसले. बारा तारांची गिटार होती ती. तारा जोडीजोडीने लावलेल्या. खालच्या चार जोड्यांत एक तार जाड आणि तिला लागून तोच सूर वरच्या सप्तकात देणारी बारीक तार. आजा आणि नात एकत्र गातात तसं ऐकू येतं. बाबांच्या पेटीतही अगदी हेच आहे, एक पट्टी दाबली की खर्जाची रीड आणि तिच्या वरची, अशा दोन बोलतात. क्लाइव्ह मला समजावून सांगायला लागले, हे ब्लूज, कापूस वेचणाऱ्यांचं गाणं. यवतमाळच्या पोरीला कापूस सांगत होते बिचारे.

त्यांनी मला शिकवलं. जुनी का होईना, माझी स्वतःची बारा तारांची गिटार आली. फोनवर बाबांना ऐकवली तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "पेटीची बहीण दिसते." ट्रकचे कमानपाटे बसवण्यात त्यांचा दिवस जायचा आणि संध्याकाळी पेटी. माझं मन तिथल्या तिथे म्हणालं, एकदा यांच्या मागे आपण वाजवायचंच.

मग गेल्या वर्षी त्यांचा आवाज बसला. आधी थंडीवर ढकललं, मग धुळीवर. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रात गाठ असल्याचं सांगितलं. पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनची तारीख पडली. मला दहा दिवसांची रजा मिळाली आणि मी ठरवलं, आवाज जायच्या आत तो नीट धरून ठेवायचा. त्यांचे कार्यक्रमांचे व्हिडिओ आहेत, पण सगळ्यांत भोंगे आणि ढोलकी, आवाज इतका फाटलेला की सूरही धरता येत नाही. मला फक्त ते हवे होते आणि मागे माझ्या तारा.

"बाबा, तुमची पट्टी कोणती?" मी फोनवर विचारलं.

"काळी एक. जल्मभर काळी एकच."

आपल्याकडे गाणारा आपला सूर असाच सांगतो, पेटीच्या पट्टीवरून. काळी एक म्हणजे सी शार्प, मला पाठ होतं. क्लाइव्ह आणि मी कामाला लागलो. दुकानातला तयार सेट चालला नसता. गिटारच्या नेहमीच्या सुरापासून मला काही तारा बऱ्याच उतरवायच्या होत्या, काही थोड्याच. बारीक तार फार उतरवली की लोंबकळते, जाड तार फार ताणली की बारा तारांचा ओढा मिळून खालचा लाकडी ब्रिज उखडतो. म्हणून सुट्या तारा घेतल्या, फॉस्फर ब्राँझच्या. ज्या खूप उतरायच्या त्या जाड, बाकीच्या जरा हलक्या. जाड तारा बसाव्यात म्हणून गिटारच्या डोक्याशी तारा टेकतात त्या खाचा मी कानशीने रुंद केल्या. सूर लावले सा, प, सा, म, प, सा. यात गंधार मुद्दाम ठेवला नाही, म्हणजे बाबा कोमल घेवोत की शुद्ध, तारा आडव्या येणार नाहीत. बाराच्या बारा तारांवर मोबाईलच्या ट्यूनरचा काटा मधोमध उभा राहिला. क्लाइव्ह म्हणाले, इतकी सुरात गिटार मी माझ्या आयुष्यात पाहिली नाही. मी फुलून गेले होते, कशाला लपवू.

वणीला पोहोचले तेव्हा बाबा माझ्याशी बोलले नाहीत. हाताने 'बस' म्हणाले. आई कानाशी येऊन सांगायला लागली, "आठ दिस झाले, तोंडातून शब्द नाई काढला. तू येणार म्हून आवाज ठेवून राह्यले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीत मांडामांड केली. कोळशाचे ट्रक ऐकू येऊ नयेत म्हणून खिडकीला गादी लावली. बाबांनी खुणेने विचारलं, पेटी काढू? मी म्हटलं, नको, पेटीचा आवाज माइकमध्ये जास्त शिरतो, गिटारवरच घ्या. तारा पुन्हा ट्यूनरवर तपासल्या. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी बाबांनी षड्ज लावला, तो माझ्या तारांच्या खाली पडला. आजाराने असेल, असं मला वाटलं. "थोडं वर घ्या, बाबा." त्यांनी घेतलं. अंतऱ्यावर आवाज चिरकला. "परत, बाबा." दुसऱ्या वेळी गळ्याच्या शिरा फुगल्या. ते थांबले आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "उच्च हाय थोडं." मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला. "हे बघा, काटा. तंतोतंत काळी एक आहे."

त्यांनी काट्याकडे पाहिलं. "तू शिकेल हायस. तुहंच बराबर असन."

तिसऱ्यांदा ते पूर्ण गायले. कसे गायले ते मी लिहिणार नाही. शेवटच्या ओळीला आवाज संपला आणि नुसती हवा आली. आईने कपाटावरची पेटी काढून माझ्यासमोर आदळावी तशी ठेवली. "हे वाजवून पाह्य."

मी काळी एक दाबली. ती माझ्या काळी एकपेक्षा एका पट्टीहून जास्त खाली होती. कोणाकोणाच्या हातून फिरून आमच्या घरी आलेली ती पेटी, मूळचीच उतरलेली, आणि बाबा जन्मभर तिलाच काळी एक म्हणत आले होते. लहानपणापासून मी तोच सूर ऐकत मोठी झाले. माझ्या कानाला कळायला हवं होतं. मी कानाला विचारलंच नाही.

घाईघाईने बारा तारा उतरवल्या. सैल पडून पडद्यांवर खरखरायला लागल्या, पण सूर जुळला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, बंद केलं आणि मान हलवली. उरलेल्या दिवसांत तो आवाज परत आला नाही. मग नागपूर, ऑपरेशन, गळ्याला भोक. आठ दिवस जपून ठेवलेलं मी एका सकाळी उधळून टाकलं. डॉक्टर म्हणाले, तो तसाही जाणार होता. हो, जाणार होता. पण एकदा गाऊन जाणार होता.

माझ्याकडे आहेत त्या त्या एकाच गाण्याच्या तीन खेपा. "परत, बाबा" म्हणणारा माझा आवाज त्यांत अगदी स्वच्छ आलाय.

लीड्सला परतल्यावर एक शिरस्ता पडला. दर रविवारी व्हिडिओ कॉल. आई फोन पेटीवर टेकवते, बाबा काळी एक दाबून भाता हलवतात आणि मी त्या सुरावर बारा तारा लावते. ट्यूनर मी मोबाईलमधून काढून टाकला होता. घरी जाऊन आल्यासारखं वाटायचं, बाबांच्या दारात चपला काढल्यासारखं. काय सांगू, त्या अर्ध्या तासावर मी आठवडा काढत होते. तो सूर किती उतरलेला आहे हे मोजून लिहून ठेवायचं मला सुचलं नाही. मोजण्याचा धसका बसला होता. आणि सूर दर रविवारी मिळणारच होता.

या रविवारी आईने फोन लावला तेव्हा बाबा आधीच पेटीपुढे बसले होते, धुतलेला शर्ट घालून. काळी एक दाबली. मी जाड तार छेडली आणि ती जुळेना. एका पट्टीहून जास्त फरक. "बाबा, दुसरी पट्टी दाबली का?" त्यांनी मान हलवली, नाही. त्यांनी बोट दाखवलं, तीच.

आई म्हणाली, "चंद्रपूरहून पेटीवाला आणला व्हता. सगळ्या रीडा घासून सुरात करून घेतल्या. तुले लय तरास झाला ना तवा, म्हून ते म्हने, आता पोरीच्या मोबाईलसंग जुळाले पाह्यजे. पाह्य ना लावून, जुळते का."

मी ट्यूनर परत मोबाईलमध्ये घेतला. बाबांनी पट्टी दाबून धरली. काटा हलला आणि मधोमध येऊन थांबला. फोनच्या पडद्यावर बाबा माझ्याकडे पाहत होते, उत्तराची वाट बघत.

"बरोबर आहे, बाबा," मी म्हणाले. "एकदम बरोबर."

ते हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

घर म्हणजे काय, असं इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मला विचारलं होतं. घर माझ्या खोलीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवलंय. त्याआधीच्या रविवारी लावलेल्या तारा, बाबांच्या जुन्या काळी एकमध्ये. त्या खुंट्यांना मी हात लावत नाही, क्लाइव्हलाही लावू देत नाही. पण खोलीत हीटर चालतो, लाकूड सुकतं, तारा आपोआप उतरतात. आता मोजलं तरी काटा आजचीच तार सांगेल, त्या रविवारची नाही. रोज कामावरून आल्यावर एक तार हळूच छेडून पाहते. कालच्यापेक्षा खाली गेली का, ते आता मला ओळखता येत नाही.